अनिष्टाचा प्रश्न आणि ख्रिस्ती मनुष्याचें उत्तर

(धर्मग्रामाच्या शतकोत्तर रौप्यमहोत्सवानिमित्त नोव्हेनेच्या सातव्या दिवशीं सायंकाळीं देवळांत दिलेलें व्याख्यान)



नोव्हेनेंतील एक व्याख्यान आम्ही द्यावें असें महोत्सव समितीनें ठरविलें, तेव्हां विषयाची निवड तिनें आमच्यावरच सोंपविली. आम्ही या देवळाच्या बांधणीचा इतिहास सांगूं, पहिल्या फादरांचे कष्ट वर्णन करूं, असें बहुधा समितीच्या मनांत असावें. तो इतिहास स्मरणिकेंत स्वतंत्र येणारच आहे, आणि आमच्यापेक्षां अधिक जाणत्या हातानें तो लिहिला गेला आहे. आज आम्ही एका निराळ्याच पुस्तकाविषयीं बोलणार आहों.

महोत्सवाच्या तयारीसाठीं दप्तराच्या कपाटांतून जुन्या नोंदवह्या बाहेर काढल्या गेल्या. सव्वाशें वर्षांत बाप्तिस्मे किती झाले, लग्नें किती लागलीं, याची मोजदाद आमच्या तरुणांनीं मोठ्या हौसेनें केली. मृतांची वही मात्र कोणी मागितली नाहीं. आनंदाच्या प्रसंगीं ती कोण मागणार? ती आम्हीं रात्रीं एकट्यानें वाचली. इतर वर्षीं त्या वेळच्या फादरांचें अक्षर वळणदार व सावकाश आहे. इ. स. १९१८ च्या ऑक्टोबर महिन्यांत, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ सगळ्या मुंबई इलाख्यांत पसरली होती त्या वेळीं, तेंच अक्षर तुटक झालें आहे. एकाच घरचीं तीन नांवें एकाखालीं एक येतात. कांहीं ठिकाणीं वय लिहावयाचें राहून गेलें आहे. पुढें पुष्कळ वर्षें अक्षर पुन्हा सांवरतें. मग शेवटच्या वहींत इ. स. २०२१ च्या एप्रिल व मे महिन्यांचीं पानें येतात. त्या पानांवरचें अक्षर आमचें आहे, आणि तेंही तसेंच तुटक आहे.

त्या मे महिन्यांत एका बाईचा चोवीस वर्षांचा मुलगा गेला. दफनभूमींत मोजकीं माणसें होतीं, आणि तींही अंतर राखून उभीं. आम्हीं दुरूनच प्रार्थना म्हटली, आणि निघतांना तिला म्हणालों, "बाई, देवाची इच्छा. आपण काय करणार?" हे शब्द आमच्या तोंडून पूर्वी शेंकडों वेळां निघाले होते. त्यांत कांहीं वावगें आहे असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

चार महिन्यांनीं ती बाई आमच्याकडे आली. ती म्हणाली, "फादर, तुम्ही देवाची इच्छा म्हणालां. त्या रात्रीं माझा दीर ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठीं पहांटेपर्यंत स्कूटरवर हिंडत होता. तो काय देवाच्या इच्छेविरुद्ध हिंडत होता? आणि सिलिंडर मिळाला असता, तर काय देव हरला असता?"

आम्हीं तिला पाणी दिलें. दुसरें देण्यासारखें त्या वेळीं आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. ती रडली नाहीं, भांडली नाहीं. पाणी पिऊन उठून गेली. हें सर्व आम्ही तिच्या संमतीनेंच सांगत आहों. नांव सांगूं नये एवढीच तिची अट आहे. आज जें बोलणार आहों तें तिच्या प्रश्नाचें उत्तर होय. त्यास फार उशीर झाला आहे, हें आम्ही जाणतों.

हा प्रश्न कांहीं नवा नाहीं. ख्रिस्तापूर्वीं सुमारें तीनशें वर्षांच्या काळीं ग्रीस देशांत एपिक्यूरस नांवाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या नांवावर एक पेंच सांगतात. देवाला शक्ति आहे म्हणावें तर त्याच्या दयेविषयीं शंका येते; दया आहे म्हणावें तर शक्तीविषयीं; आणि दोन्ही आहेत म्हणावें तर जग असें कां, याचा उलगडा होत नाहीं. मौजेची गोष्ट ही कीं, हा पेंच आपल्यापर्यंत पोंचला तो मुख्यतः लॅक्टान्शियस या चौथ्या शतकाच्या आरंभींच्या ख्रिस्ती लेखकाच्या ग्रंथामुळें. तो त्यानें गाडून टाकला नाहीं, लिहून ठेवला. तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यांनीं आपल्या महान् ग्रंथांत देव आहे कीं नाहीं असा प्रश्न घालून त्याविरुद्ध दोनच आक्षेप मांडले आहेत. त्यांतला पहिला हाच. सेमिनरींत हें प्रकरण शिकतांना आम्हांस वाटलें होतें कीं, एवढा थोर विद्वान् आक्षेप इतक्या उघडपणें कां बरें मांडतो? आतां कळतें कीं, ज्याचा विश्वास दृढ आहे तोच प्रश्न पुरता ऐकून घेऊं शकतो.

सबब, ज्या आईनें आम्हांस हा प्रश्न विचारला तिच्या हातून पाप घडलें, किंवा तिचा विश्वास ढळला, असें कोणीही समजूं नये. ईयोबानें देवाला याहून कठोर शब्द ऐकविले, आणि ते पवित्र शास्त्रांत जसेच्या तसे राहिले. स्तोत्रकर्त्यांनीं देवाला जाब विचारला. आणि प्रत्यक्ष आपल्या प्रभूनें क्रुसावर प्राण सोडण्यापूर्वीं बापानें आपणांस कां टाकिलें, असा आक्रोश केला. ज्या धर्माच्या मध्यभागीं असा आक्रोश आहे, त्या धर्माच्या लोकांनीं शोक करणाऱ्याचें तोंड दाबूं नये.

आतां उत्तराकडे वळूं. लोकांत सर्वांत अधिक चालणारें उत्तर म्हणजे शिक्षेचें. दुःख आलें ना, मग कोठें तरी पाप असलेंच पाहिजे. आपल्या हिंदु शेजाऱ्यांमध्यें पूर्वजन्मींच्या कर्माची कल्पना आहे. तिच्याविषयीं येथें वाद घालण्याचें कारण नाहीं. परंतु ख्रिस्ती घरांतही तीच गोष्ट वेष पालटून शिरते. मूल अपंग जन्मलें कीं आईनें नवस फेडला नसेल. गर्भ राहिला नाहीं कीं सासूचा तळतळाट लागला असेल. अपघात झाला कीं रविवारची मिस्सा चुकविली म्हणून. हें आम्हीं या कानांनीं याच धर्मग्रामांत ऐकलें आहे. आणि खरें सांगावयाचें तर, असें बोलणाऱ्या सर्वच स्त्रिया नव्हत्या, आणि सर्वच अडाणी नव्हते.

ईयोबाच्या मित्रांची कथा तुम्हांस ठाऊक आहे. ते आले, आणि सात दिवस व सात रात्रीं त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले. तेवढे सात दिवस त्यांचें वर्तन अगदीं योग्य होतें! मग त्यांनीं तोंड उघडलें, आणि तूं पाप केलें असशील, आठवून पहा, असें ते त्याला समजावूं लागले. ग्रंथाच्या शेवटीं देव कोणावर कोपतो? प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर. आम्हां धर्मगुरूंनीं हा शेवट पुनःपुन्हा वाचावा, असा आहे.

आपल्या प्रभूनें तर हा प्रश्न दोनदां निकालांत काढला आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें ठार झालीं, तेव्हां तीं इतर यरुशलेमकरांहून अधिक पापी होतीं असें समजूं नका, असें त्यानें बजावलें. तसेंच जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीं पाप याचें कीं याच्या आईबापांचें, असें विचारलें, तेव्हां दोघांचेंही नाहीं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. आतां पाप करणारा स्वतःच्या पापाचीं फळें भोगतो, हें खरें आहे. दारूनें यकृत नासतें, आणि लबाडीनें शेजार तुटतो. परंतु दुःख पाहून त्यावरून पापाचें माप काढणें, हा उलटा हिशेब आपल्या प्रभूनें मना केला आहे.

येथें इतिहासांतील एक गोष्ट सांगतों, कारण तिचा आपणां वसईकरांशीं दूरचा कां होईना, पण संबंध आहे. ज्या लिस्बन शहराहून निघालेल्या गलबतांतून आपल्या पूर्वजांकडे मिशनरी आले, त्या शहरावर इ. स. १७५५ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस, सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं, भयंकर अरिष्ट आलें. वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून जाऊन तेव्हां सोळा वर्षें झालीं होतीं. सकाळीं साडेनऊच्या सुमारास देवळें माणसांनीं भरलेलीं, वेद्यांवर मेणबत्त्या पेटलेल्या, अशा वेळीं भूकंप झाला. देवळें आंतील माणसांसह कोसळलीं. जे वांचले ते मोकळ्या जागेसाठीं नदीकांठीं धांवले, तों तेथें समुद्राच्या लाटा चढून आल्या. मग आग लागली, आणि ती कित्येक दिवस विझली नाहीं. किती माणसें मेलीं याचा नक्की आंकडा नाहीं. अंदाज तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात.

युरोपांतील विचारी लोकांना या गोष्टीनें हादरा दिला. हें जग शक्य तितकें उत्तमच आहे, असें जर्मन तत्त्वज्ञ लायबनिट्झ यांनीं इ. स. १७१० मध्यें प्रतिपादिलें होतें. व्हॉल्टेअरनें भूकंपानंतर त्या मताची भरपूर टर उडविली. व्हॉल्टेअर हा आपल्या धर्माचा मित्र नव्हता. परंतु मृतांच्या आईबापांपुढें उभें राहून सर्व ठीक आहे असें म्हणणें हें निर्दयपणाचें आहे, एवढें त्याचें म्हणणें खरें होतें, आणि खरें तें कोणाच्याही तोंडून आलें तरी घ्यावें.

दुसरीकडे मालाग्रिदा नांवाचे एक वृद्ध येशूसंघी धर्मगुरु होते. ब्राझील देशांत त्यांनीं पुष्कळ वर्षें मिशनकार्य केलें होतें, आणि लोक त्यांना साधु मानीत. त्यांनीं इ. स. १७५६ मध्यें एक पुस्तिका छापून सांगितलें कीं, हा भूकंप कांहीं निसर्गाच्या कारणांनीं झालेला नाहीं. लिस्बनकरांचीं पापें हेंच त्याचें खरें कारण. पुढें त्या फादरांचे फार हाल झाले, आणि इ. स. १७६१ मध्यें त्यांना देहान्त शिक्षा देण्यांत आली. त्या अन्यायाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण त्यांचें मत चुकलें होतें, हें सांगितलेंच पाहिजे. सणाच्या दिवशीं मिस्सेला गेलेलीं माणसें आणि त्यांचीं मुलें देवळांत चिरडलीं गेलीं. त्यांच्या पापाचें माप फादरांनीं कोणत्या तराजूनें काढलें?

त्याच वेळीं लिस्बनच्या सरकारानें एक साधें काम केलें. गांवोगांवच्या धर्मगुरूंकडे प्रश्नांची यादी पाठविली: धक्का किती वेळ टिकला, घरें किती पडलीं, माणसें किती मेलीं, समुद्र प्रथम ओसरला कीं चढला? त्या फादरांनीं जी उत्तरें लिहिलीं, त्यांतलीं पुष्कळ लिस्बनच्या दप्तरखान्यांत अद्याप आहेत, आणि भूकंपशास्त्राचे अभ्यासक तीं आजही वाचतात. ते सर्व साधे गांवचे फादर होते. आम्हांस पुस्तिका लिहिणाऱ्या साधूपेक्षां मेलेल्यांची नोंद करणारे हे अप्रसिद्ध फादर अधिक जवळचे वाटतात.

लिस्बन दूरचें झालें. आमच्या तरुणपणीं, आम्ही सेमिनरींत शिकत असतांना, इ. स. १९९३ च्या सप्टेंबरच्या तिसाव्या तारखेस पहांटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणपतींचें विसर्जन आटोपून लोक दमून झोंपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आजचें धाराशिव) या जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसें मेलीं. आम्ही कांहीं विद्यार्थी मदतीसाठीं गेलों होतों. तेथें आम्हांस दगड उचलण्याचें काम मिळालें, आणि दगड उचलतांना एक गोष्ट समजली. तेथील घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या, पण चिखलांत रचलेल्या. वर माळवदाचें छप्पर, त्यावर हातहात माती. उन्हाळ्यांत अशीं घरें गार राहतात, म्हणून बापजाद्यांनीं तीं तशीं बांधलीं. जमीन हलली ती निसर्गानें. परंतु माणसें मेलीं तीं बहुतेक भिंतींखालीं. एक म्हातारा ढिगाऱ्यावर बसला होता. तो आम्हांस म्हणाला, "पोरांनो, आमचं काय चुकलं?" आमच्यांतल्या एकानें उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें, तों आमच्या बरोबरच्या वृद्ध फादरांनीं त्याच्या खांद्यावर हात ठेविला, आणि स्वतः त्या म्हाताऱ्याजवळ खालीं बसले. बराच वेळ बसले. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस म्हणजे काय, हें आम्हीं तेथें पाहिलें. दुर्दैव असें कीं, पुढें अठ्ठावीस वर्षांनीं तें आम्हांसच आठवलें नाहीं.

येथवर काय म्हणूं नये तें सांगितलें. मग म्हणावें काय? पवित्र सभेची शिकवण या बाबतींत पुष्कळ आहे, पण इ. स. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानें प्रथमच कबूल केलें आहे कीं, या प्रश्नाला झटपट उत्तर पुरेसें होत नाहीं. तेव्हां जेवढें सांगतां येईल तेवढेंच सांगतों.

संत ऑगस्टीन हे तरुणपणीं सुमारें नऊ वर्षें मानीपंथाच्या नादीं होते. त्या पंथाचें मत असें कीं, जगांत चांगल्याचा एक व वाइटाचा एक, अशा दोन सत्ता आरंभापासून झगडत आहेत. हें मत सोपें आहे, कारण त्यानें देव दोषांतून सुटतो. परंतु ऑगस्टीन यांना कळून आलें कीं, वाईट ही मुळीं स्वतंत्र वस्तूच नव्हे. आंधळेपणा म्हणजे डोळ्यांत कांहीं तरी निराळें येऊन बसणें नव्हे. डोळ्यांत जी दृष्टि असावयास पाहिजे, ती नसणें होय. विहीर आटते तेव्हां विहिरींत दुष्काळ नांवाची वस्तु भरलेली नसते, पाणी नसतें. म्हणून अनिष्ट हें देवानें निर्माण केलेलें नाहीं. देवानें केलेल्या चांगल्या वस्तूंत पडलेलें तें खिंडार आहे. यावर कोणी म्हणेल, फादर, ही शब्दांची कसरत झाली. विहीर आटली काय आणि तिच्यांत दुष्काळ भरला काय, तहान तीच. खरें आहे. या विचारानें तहान भागत नाहीं. परंतु तहान लागणें हेंच योग्य आहे, पाणी असावयास पाहिजे होतें, असें हा विचार सांगतो. रडणारी आई चुकत नाहीं. जें असावयास पाहिजे होतें तें नाहीं, म्हणून ती रडते.

मग खिंडार पडलें कसें? पुष्कळसें माणसाच्या हातून. देवानें माणसाला बाहुलें न करितां स्वतंत्र इच्छा दिली, आणि त्या इच्छेनें माणूस देवापासून फिरला. ही कथा फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणांत इ. स. १६१६ पासून मराठी ओंव्यांत वाचावयास मिळते, म्हणून ती आम्ही लांबवीत नाहीं. ज्या रात्रीं त्या बाईचा दीर स्कूटरवर हिंडत होता, त्या दिवसांत सिलिंडर मुळींच नव्हते असें नाहीं. कांहीं ठिकाणीं ते दुप्पट-चौपट दरानें मिळत होते. तो दर देवानें ठरविला नव्हता. तें पाप होतें, आणि त्याला देवाची इच्छा म्हणणें म्हणजे चोराचा माल देवाच्या घरांत लपविणें होय. साथ मात्र निराळी. सूक्ष्म जंतूला पाप-पुण्य कळत नाहीं, भूगर्भांतील खडकालाही नाहीं. ज्या नियमांनीं जग चालतें आणि आपण जगतों, त्याच नियमांनीं तें कधीं कधीं आपल्यावर कोसळतें. असें जग देवानें कां केलें, याचें पूर्ण उत्तर आम्हांपाशीं नाहीं. ज्याच्यापाशीं तें आहे असें म्हणणारा आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

आतां देवाच्या इच्छेकडे येतों, कारण बाईचा प्रश्न तेथेंच आहे. आपल्या धर्मशास्त्रांत देव जें इच्छितो तें आणि देव जें होऊं देतो तें, यांत भेद केला आहे. सेमिनरींत आम्हीं हा भेद परीक्षेसाठीं पाठ केला, गुणही चांगले मिळविले, आणि दफनभूमींत तो साफ विसरलों. आपल्या बायबलांत शलमोनाच्या नांवाचा ज्ञानग्रंथ आहे (आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलांत तो नाहीं, एवढ्यासाठीं तरी तो आपण वाचावा!). मृत्यु ही देवाची करणी नव्हे, आणि जिवांच्या नाशांत त्याला आनंद नाहीं, असें त्यांत सांगितलें आहे. शुभवर्तमान उघडून पहा. आंधळे आले, कोडी आले, बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली स्त्री आली. हें दुखणें तुझ्या बऱ्यासाठीं आहे, तें तसेंच राहूं दे, असें आपला प्रभु त्यांतील एकालाही म्हणाला नाहीं. लाजाराच्या थडग्यापाशीं तो रडला. तें मरण जर बापाला हवेंच होतें, तर पुत्राच्या डोळ्यांत पाणी कां यावें? संत पौलाच्या देहांतला कांटा काढला गेला नाहीं, हें आम्ही विसरलेलों नाहीं. पण पौलाला तें प्रभूनें स्वतः सांगितलें. शेजाऱ्यानें नव्हे, आणि फादरांनींही नव्हे.

तेव्हां तो दीर देवाच्या इच्छेविरुद्ध हिंडत नव्हता. तो देवाच्या इच्छेनेंच हिंडत होता. आणि सिलिंडर मिळाला असता, तर देव हरला नसता, जिंकला असता.

यावर ती बाई विचारील, आणि तिनें विचारावेंच, कीं होऊं देणारा आणि करणारा यांत एवढें अंतर तें काय? देवाला अडवितां आलें असतें ना? होय, आलें असतें. देव ज्यांतून चांगलें काढूं शकत नाहीं असें कोणतेंही अनिष्ट तो होऊं देत नाहीं, अशी संत ऑगस्टीन यांची शिकवण आहे, आणि ती आम्ही मानतों. परंतु ही शिकवण देवाच्या सामर्थ्याविषयींची आहे. प्रत्येक मरणाबरोबर फाडून द्यावयाची ती पावती नव्हे. तुमच्या मुलाच्या मरणांतून अमुक एक चांगलें निघालें, असें कोणत्याही आईला सांगण्याचा अधिकार आम्हांस दिलेला नाहीं.

ख्रिस्ती मनुष्यापाशीं याहून अधिक जें आहे तें विचार नव्हे, एक घटना आहे. देव हा दुःखाकडे वरून पाहत बसला नाहीं. तो त्यांत उतरला. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं इ. स. १९८४ मध्यें मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयीं एक पत्र लिहिलें. त्यापूर्वीं तीनच वर्षें त्यांच्या देहांत मारेकऱ्याच्या गोळ्या शिरल्या होत्या, म्हणून त्या पत्राला वजन आहे. माणूस विचारतो कां, आणि ख्रिस्त त्याला क्रुसावरून उत्तर देतो, असा त्यांचा रोख आहे. क्रूस प्रश्न सोडवीत नाहीं. पण ज्याला तो प्रश्न विचारावयाचा त्याच्याच हातांत खिळे आहेत, हें पाहिल्यावर विचारणाऱ्याचा एकटेपणा संपतो.

मुंबईस जाणाऱ्यांनीं वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांतील क्रूस पाहिलेच असतील. त्यांतले कित्येक इ. स. १८९६ पासून आलेल्या प्लेगाच्या काळांत आपल्या ईस्ट इंडियन बांधवांनीं उभारले. कोणी म्हणेल, ही भोळी समजूत होती. असेलही थोडी. पण घराघरांतून प्रेतें निघत असतां त्या लोकांनीं रस्त्यावर काय उभें केलें, हें पहा: ज्यावर देव मेला तें लांकूड. त्याच मुंबईंत इ. स. १८९७ च्या जानेवारींत डॉक्टर हाफकिन यांनीं प्लेगाची लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्याच वर्षीं मार्चच्या दहाव्या तारखेस पुण्यांत सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें गेल्या. हाफकिन यहुदी, सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या. पण देवाची इच्छा काय होती, असें जर प्लेगाविषयीं विचाराल, तर आम्ही प्लेगाकडे बोट दाखविणार नाहीं. या दोघांकडे दाखवूं.

आणखी एकच गोष्ट. पुनरुत्थानानंतर आपला प्रभु शिष्यांना भेटला, तेव्हां त्याचें शरीर तेजस्वी झालें होतें, मृत्यूची सत्ता त्यावर उरली नव्हती. तरी हातांवरच्या आणि कुशीतल्या जखमा तशाच होत्या. थॉमसानें त्या पाहिल्या. देवाला त्या पुसून टाकतां आल्या नसत्या काय? त्यानें त्या ठेविल्या. आमची आशा अशी आहे कीं, स्वर्गांत आपलीं माणसें आपणांस भेटतील तीं जणूं कांहीं झालेंच नाहीं अशीं नव्हे. जें झालें तें सर्व घेऊन, आणि तरी सुखांत. हें कसें होईल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. आम्ही तें मानतों, आणि दर रविवारीं तुमच्याबरोबर उभे राहून म्हणतों.

ही सर्व भाषा त्या बाईला आम्हीं गेल्या महिन्यांत तिच्या ओटीवर बसून थोडक्यांत सांगितली. तिनें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "फादर, हें सगळें बरोबर असेल. पण तो शब्द तुम्हीं दफनभूमींत चार लोकांसमोर बोललां होतां." आम्ही म्हणालों, "होय." ती म्हणाली, "मग घरांत येऊन परत घेऊं नका."

म्हणून आज येथें, या देवळांत, तुम्हां सर्वांसमोर आम्ही तो शब्द परत घेतों. तुमच्या मुलाचें मरण ही देवाची इच्छा होती, असें आम्हीं म्हटलें तें चुकीचें होतें. त्याच वर्षीं आणखी ज्या ज्या कुटुंबांना आम्ही तसें म्हणालों, त्यांच्याकडूनही तो परत घेतों.

नोव्हेनेच्या उरलेल्या दोन दिवशीं मृतांच्या वह्या मधल्या वेदीजवळ मेजावर उघड्या ठेविल्या जातील. इ. स. १९१८ च्या पानांवरचीं कांहीं नांवें ओलीनें पुसट झालीं आहेत व वाचतां येत नाहींत. ज्यांच्या घरीं आजी-पणजीकडून ऐकलेलीं नांवें असतील, त्यांनीं मिस्सेनंतर येऊन सांगावें. आम्ही तीं लिहून घेऊं.